हॉस्पिटल फार्मसीत गुणात्मक संशोधन: बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी

डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांनी रुग्ण परत येतो आणि उपाशीपोटीची शुगर अडीचशेच्या वर निघते. फार्मसीच्या नोंदीनुसार त्याने इन्सुलिनची बाटली नेली आहे, सिरिंजही नेल्या आहेत. डिस्चार्ज कार्डावर डोस स्वच्छ लिहिलेला आहे. मग घरी काय झालं? बिलांवरून हे कळत नाही आणि ‘होय/नाही’च्या प्रश्नावलीत रुग्ण ‘होय’वर खूण करून मोकळा होतो. अशा ठिकाणी गुणात्मक संशोधन लागतं. ठरवून निवडलेल्या माणसांशी मोकळं बोलायचं, त्यांचं वागणं पाहायचं आणि जे मिळालं त्याची पद्धतशीर छाननी करायची.

फार्मसीतल्या माणसाला हे आधी अवघड जातं. आपली तालीम मिलिग्रॅमची आणि टक्केवारीची, त्यामुळे ‘बाराच लोकांशी बोललात?’ असं कुणी विचारलं की आपणच कचरतो. हा लेख फार्म.डी. या फार्मसीच्या पदवीच्या पाचव्या वर्षाचा सहा महिन्यांचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी आणि वॉर्डात किंवा औषध देण्याच्या खिडकीवर काम करता करता छोटा अभ्यास करू पाहणाऱ्या फार्मासिस्टसाठी आहे. सगळीकडे उदाहरण एकच घेतलं आहे: डिस्चार्जनंतर घरी घेतलं जाणारं इन्सुलिन.

प्रश्न ठरवणं

प्रश्न ‘किती’, ‘किती टक्के’, ‘कशाने कमी झालं’ असा असेल तर सर्व्हे करा, नोंदी मोजा, चाचणी करा. मुलाखती घेऊ नका. ‘इन्सुलिनबद्दल रुग्णांचं ज्ञान आणि आचरण’ हा विषय दर वर्षी कुणी ना कुणी घेतं, पण तो मोजणीचा विषय आहे. त्याला चार मुलाखती जोडल्या म्हणून तो गुणात्मक होत नाही.

प्रश्नात माणसं, काळ आणि घडणारी गोष्ट ही तिन्ही दिसली पाहिजेत. उदाहरणार्थ: ‘डिस्चार्जनंतरच्या पहिल्या महिन्यात खानापूर आणि चंदगड भागातले रुग्ण घरी इन्सुलिनचा डोस रोज कसा ठरवतात आणि चिठ्ठीतला डोस कोणत्या प्रसंगी बदलतात?’ एवढं नेमकं असलं की कुणाला निवडायचं आणि काय विचारायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

रुग्णांखेरीजही चांगले विषय आहेत. प्रिस्क्रिप्शनमधली चूक दिसल्यावर फार्मासिस्ट डॉक्टरांना फोन करतो की नाही आणि करताना काय तोलतो? औषधाचा दुष्परिणाम दिसला तरी फॉर्म का भरला जात नाही? रात्रपाळीत वॉर्डातल्या साठ्यातून औषध उसनं कसं घेतलं जातं? लिखित नियम एक आणि प्रत्यक्ष काम दुसरं, अशी प्रत्येक जागा या पद्धतीला योग्य असते.

पद्धत निवडणं

एकट्याची मुलाखत सगळ्यात उपयोगी. वीस ते चाळीस मिनिटं, हाताशी प्रश्नांचा आराखडा, पण बोलण्याची दिशा समोरच्याच्या हाती. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

गटचर्चा सोपी वाटते, ती तशी नाही. सहा ते आठ माणसं, तास-दीड तास, एक जण चर्चा चालवणारा आणि एक नुसतं टिपणारा. कोण कुठे बसलं याचा कागदावर नकाशा काढून प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, नाहीतर रेकॉर्डिंगमधला आवाज कुणाचा हे नंतर ओळखू येत नाही. एका गटात सिस्टर आणि त्यांच्या इन्चार्ज, किंवा ज्युनियर फार्मासिस्ट आणि चीफ फार्मासिस्ट एकत्र बसवू नयेत. वरिष्ठ बोलतात, बाकीचे माना डोलावतात. औषधातल्या चुकांवर तर गट नकोच. चार माणसांसमोर स्वतःची चूक कुणी सांगत नाही.

निरीक्षण नवखे सहसा टाळतात, पण खिडकीवरच्या कामासाठी त्याला तोड नाही. गर्दीच्या वेळी सलग दोन तास एका कोपऱ्यात बसा. वेळ, कोण कुणाला काय म्हणालं, हातवारे, मध्ये कुणी अडवलं, समजावणं किती लांबलं, एवढं जागेवर त्रोटक लिहा आणि त्याच रात्री सविस्तर उतरवा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की निम्मं विसरतं. सुरुवातीच्या एक-दोन बैठकींत सगळे जरा जास्तच नियमाने वागतात. त्या नोंदी ठेवा, पण निष्कर्षाचा भार त्यांच्यावर टाकू नका.

एथिक्स कमिटी

रुग्ण असोत की कर्मचारी, एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनात सहभागींचं हित जपलं जातं ना हे तपासणाऱ्या समितीच्या, परवानगीशिवाय एकही मुलाखत घ्यायची नाही. आधी घेतलेल्या मुलाखतींना मागाहून परवानगी मिळत नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आधार म्हणून घ्या. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा, मुलाखतीचे प्रश्न, माहितीपत्रक आणि संमतीपत्र लागतं. ही पत्रकं कन्नड आणि मराठीत हवीत, आणि तुमच्या निवडीत उर्दू बोलणारे असतील तर उर्दूतही. भाषांतर एकाने करावं आणि दुसऱ्याने, मूळ मजकूर न पाहता, परत फिरवून बघावं. ‘तुमचा सहभाग ऐच्छिक आहे’ या वाक्याचं पुस्तकी भाषांतर कुणालाच कळत नाही. ‘नको वाटलं तर नाही म्हणा, तुमचं औषधपाणी आहे तसंच मिळेल’ असं लिहा. रुग्णाच्या मनातली खरी भीती हीच असते की नाही म्हटलं तर औषध अडवतील किंवा योजनेतून नाव कापतील.

रेकॉर्डिंगची संमती वेगळी घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना पत्रक मोठ्याने वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्या. इन्सुलिन सून देत असेल तर तिचीही मुलाखत होणार, म्हणजे तिचीही संमती हवी. जोखीम कमी असल्यामुळे जलद तपासणी होऊ शकते, पण ते कमिटी ठरवते. कमिटीच्या बैठकीची तारीख विषय ठरण्याआधीच विचारून ठेवा. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमधले दीड-दोन महिने इथेच जाऊ शकतात.

मुलाखतीत धोक्याची गोष्ट पुढे आली तर काय करणार हेही अर्जात लिहा, कारण ती हमखास येते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिट प्रति मिलीसाठी असते. नारिंगी टोपणाच्या सिरिंजने ४० ची बाटली ओढली तर २० च्या खुणेला प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. उलट, कुणी पेनच्या काडतुसातलं १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं तर २० च्या खुणेला ५० युनिट जातात, आणि रुग्ण शुगर उतरून बेशुद्ध पडू शकतो. असं काही ऐकलं की ‘डेटा बिघडेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. मुलाखत थांबवा, सिरिंज बदलून द्या, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवा आणि घडलं ते टिपणात लिहा. दुष्परिणामाचा संशय असेल तर फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या यंत्रणेचा, फॉर्म भरा. त्यासाठी राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. धोका तातडीचा नसेल तर मध्ये दुरुस्त करू नका. मुलाखत संपवा, रेकॉर्डर बंद करा आणि मग समजावा. मध्येच शिकवायला लागलात की पुढची सगळी उत्तरं तुम्हाला बरी वाटतील अशीच येतात.

कुणाशी बोलायचं

इथे किती माणसं घ्यायची याचं गणिती सूत्र नसतं. विविधता बघून माणसं हेरायची असतात. एका कागदावर चौकटी आखा: बाटलीवाले आणि पेनवाले, बायका आणि पुरुष, स्वतः टोचून घेणारे आणि दुसऱ्याकडून टोचून घेणारे, वाचता येणारे आणि न येणारे, शहरातले आणि लांबच्या गावचे. प्रत्येक प्रकारातले दोघे-तिघे तरी आले पाहिजेत, एक माणूस अर्थातच अनेक चौकटींत बसतो. छोट्या अभ्यासाला बारा-पंधरा मुलाखती सहसा पुरतात. सलग दोन-तीन मुलाखतींत नवं काहीच आलं नाही की थांबा, आणि कितव्या मुलाखतीनंतर नवं येणं बंद झालं ते लिहून ठेवा. ‘एवढेच का?’ या प्रश्नाला तेच उत्तर असतं.

खिडकीवर येणारेच निवडलेत तर जे परत येत नाहीत ते सुटतात, आणि आपला प्रश्न तर त्यांच्याबद्दलच असतो. फॉलो-अपची तारीख चुकवलेल्यांची यादी काढून, कमिटीच्या परवानगीने, फोन करा. शिवाय निपाणी-चिक्कोडीकडचे बरेच जण कोल्हापूर गाठतात, अथणी-कागवाडकडचे मिरज. बेळगावातल्या एका हॉस्पिटलच्या रुग्णांवरून ‘सीमाभागातले रुग्ण’ असा दावा करू नये. शीर्षकात असा मोह फार होतो.

वेळही बघा. चंदगडकडच्या माणसाला एसटी गाठायची असते. दुपारी तीननंतर त्याला बसवलंत तर त्याचं अर्धं लक्ष घड्याळात असतं आणि उत्तरं तुटक येतात. डॉक्टरांना दाखवायच्या आधी, नंबर लागायची वाट बघत असतानाही नको, कारण कान नंबर पुकारणाऱ्याकडे असतात. डॉक्टरांना दाखवून, औषध घेऊन झालं की मगच बसा.

आणि एक सीमाभागातलंच. ‘तुमची मातृभाषा कोणती?’ हा रकाना इथे साधा राहत नाही. ‘कशाचा सर्व्हे हो हा?’ असं समोरचा विचारतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. ‘कुठल्या भाषेत बोलायला बरं पडेल?’ एवढं विचारा. तुम्हाला तेवढंच हवं असतं.

मुलाखत कुणी घ्यावी

ज्याने औषध दिलं, समजावलं, त्यानेच ‘कसं घेता?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. शक्यतो दुसऱ्याने घ्यावी, पांढरा कोट काढून. कन्नड येत नसेल तर कन्नड मुलाखती कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याला शिकवून त्याच्याकडून घ्या. वॉर्डातल्या आयाला किंवा वॉर्डबॉयला मध्ये उभं करून दुभाषा बनवू नका. आजी तीन मिनिटं सांगते, आणि दुभाषा तुम्हाला सांगतो, ‘नाही म्हणतात त्या.’ ती तीन मिनिटं म्हणजेच तुमचं संशोधन होतं.

सोबतचा नातेवाईक उत्तरं द्यायला लागला तर त्याला दुखवू नका. ‘दादा, तुमचं पण ऐकायचं आहे, आधी तात्यांचं होऊ दे’ म्हणा आणि खरोखरच नंतर त्याच्याशी स्वतंत्र बोला.

प्रश्न बोलीत लिहा

आठ-दहा उघडे प्रश्न, एका पानावर, मोठ्या अक्षरात. ‘रोज वेळेवर घेता ना?’ याला ‘व्हय व्हय’शिवाय उत्तर नाही. ‘का घेतलं नाही?’ हे रागावल्यासारखं लागतं. ‘कसं’, ‘काय झालं’, ‘त्या दिवशी’ असे शब्द वापरा. नमुने असे:

१. काल सकाळी उठल्यापासून सांगा की, इन्सुलिन कधी, कुणी, कसं दिलं?
२. घरात बाटली कुठं ठेवता? शेतावर, पाहुण्यांकडं जाताना काय करता?
३. कधी कमी-जास्त घेतलं असं झालं? त्या दिवशी काय होतं?
४. उपास, जत्रा, लग्नकार्य, सुगी, अशा दिवसांत कसं जमवता?
५. सुई घेता म्हटल्यावर घरातले, गल्लीतले काय म्हणतात?
६. डिस्चार्जच्या दिवशी औषधाबद्दल कुणी काय सांगितलं, आठवेल तसं सांगा.
७. डिस्चार्जचा कागद घरी कुणी वाचला?
८. मी विचारायचं राहिलं असं काही?

शेवटचा प्रश्न उरकू नका. रेकॉर्डर बंद व्हायच्या बेतात असताना खरं बोलणारे बरेच असतात. तो बंद झाल्यावर काही महत्त्वाचं आलं तर ‘हे पण लिहून घेऊ का?’ असं विचारून घ्या.

आधी दोघांवर आराखडा वापरून पाहा. जिथे माणूस ‘म्हणजे?’ असं विचारतो तो प्रश्न बदला. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहायची सवय लावा. नवख्यांना शांतता सोसत नाही, ते लगेच पर्याय सुचवतात: ‘विसरला असाल, की कंटाळा आला?’ रुग्ण त्यातला सोयीचा पर्याय उचलतो.

पुढचा तुकडा नमुन्यासाठी रचला आहे:

‘मावशी, परवा सोमवारी सुईचं कसं झालं?’
‘सकाळचं घेतलं की. रातचं नाही घेतलं.’
‘रात्री काय झालं?’
‘सोमवार हुता नव्हं. शाबू खाल्ला वाटीभर, बस्. पोटात जेवण नसताना सुई टोचली की चक्कर येतीय बगा. मागं एकदा मोरीतच पडले हुते.’
‘मग पुढं?’
‘मग काय, डॉक्टरास्नी सांगिटलं नाही. वरडतील.’

बघण्यासारखं इथे बरंच आहे. मावशी विसरल्या नाहीत. शुगर उतरल्याचा अनुभव घेऊन त्यांनी आपला नियम बनवला आहे, आणि बोलणी बसतील म्हणून तो लपवला आहे. ‘डॉक्टरांना सांगितलं नाही’ हे ‘मग पुढं?’ या दोन शब्दांमुळे आलं. तिथे मुलाखत घेणारा ‘अहो, असं करायचं नाही’ म्हणाला असता तर आलं नसतं.

रेकॉर्डिंग आणि जागा

ओपीडीच्या बोळात मुलाखत घेऊ नका. कौन्सिलिंगची खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत रिकामा असणारा एखादा कक्ष. डोक्यावरचा पंखा जोरात असेल तर आवाज त्यातच बुडतो, तो एक नंबरवर करा. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, म्हणजे टेबलाचे धक्के रेकॉर्ड होत नाहीत. दुसरं एखादं उपकरणही चालू ठेवा. सुरुवातीला दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकून बघा. फाइलला नाव ‘रु०७’ असं द्या, रुग्णाचं नाव कधीच नाही. क्रमांक आणि नावाची जोडयादी वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा.

मुलाखत संपल्यावर लगेच दहा मिनिटं बसून टिपण लिहा: कोण जवळ होतं, कुठे आवाज दबला, कशावर हसले, तुम्ही कुठे घाई केली. हे टिपण छाननीच्या वेळी रेकॉर्डिंगइतकंच उपयोगी पडतं.

लिहून काढणं: वेळ आणि अर्थ इथेच जातात

हात बसलेल्या माणसालाही तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात. मराठी बोलता बोलता कन्नडात शिरणाऱ्या आपल्या भागातल्या बोलण्याला त्याहून जास्त. बारा मुलाखती शेवटच्या आठवड्यासाठी ठेवल्यात तर प्रोजेक्ट बुडालाच. प्रत्येक मुलाखत दोन दिवसांत उतरवा. दुसरा फायदा असा की पहिल्या तीन उतरवल्यावर चौथीत काय खोदायचं ते कळतं.

इथली मोठी चूक म्हणजे ऐकता ऐकता थेट इंग्रजीत टाइप करणं. गाइड इंग्रजीत मागतात, थीसिस इंग्रजीत, म्हणून सगळे तेच करतात. रुग्ण म्हणतो, ‘ती गोळी उष्ण पडतीय’, आणि कागदावर ‘साइड इफेक्ट’ उतरतं. पण उष्ण पडणारी गोळी माणूस ताकाबरोबर घेतो, उन्हाळ्यात निम्मी करतो, पावसाळ्यात पुन्हा सुरू करतो. साइड इफेक्ट म्हटल्यावर यातलं काहीच उरत नाही, आणि तुम्हाला हवं होतं ते नेमकं हेच. म्हणून मराठी मराठीत ठेवा, बोलीसकट. कन्नड वाक्यं कन्नड लिपीत ठेवा. छाननी मूळ भाषेतच करा. शेवटी अहवालात जी पंधरा-वीस वाक्यं उद्धृत करणार तेवढीच इंग्रजीत न्या आणि ती दोन्ही भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. गाइडला पटवायला वेळ लागेल. एकाच तुकड्याच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

आपोआप टाइप करणारी साधनं प्रमाण मराठीला बरी पडतात. बेळगावी बोलणं आणि कन्नडची भेसळ आली की ती अडखळतात, आणि न कळलेल्या जागी भलताच शब्द आत्मविश्वासाने घालतात. शिवाय रुग्णाचा आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो, त्यामुळे संमतीपत्रात आणि कमिटीच्या मंजुरीत त्याचा उल्लेख नसेल तर वापरायचंच नाही.

छाननी

सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे बोलण्यातली समान सूत्रं (थीम) शोधण्याची पद्धत, थीमॅटिक अॅनालिसिस. तिचे सहा टप्पे २००६ मध्ये मांडले गेले आणि आजही तेच वापरतात: मजकूर पुन्हा पुन्हा वाचणं, कोड लावणं (तुकड्याला त्याच्या अर्थाचं छोटं नाव देणं), कोड जुळवून थीम शोधणं, त्या मजकुराशी पडताळणं, त्यांना नाव देणं, लिहिणं.

पहिल्या तीन मुलाखतींना दोघांनी स्वतंत्रपणे कोड लावा आणि मग समोरासमोर बसा. जिथे मतभेद होतो तिथे कोडची व्याख्या सैल असते. कोडवहीत प्रत्येक कोडसाठी नाव, व्याख्या, कधी लावायचा, कधी नाही आणि एक नमुना वाक्य लिहा. वरच्या मावशींच्या तुकड्याला नवखा फार्मासिस्ट हमखास ‘अज्ञान’ किंवा ‘नॉन-कम्प्लायन्स’ (सांगितल्याप्रमाणे औषध न घेणं) असा कोड लावतो. तो आपला शेरा झाला, मावशींचं म्हणणं त्यात नाही. ‘डोस जेवणावरून ठरवणं’, ‘चक्कर येण्याची धास्ती’, ‘डॉक्टरांपासून लपवणं’ हे कोड मजकुरातून आलेले आहेत.

पंधरा मुलाखतींना एक्सेल पुरतं. एका ओळीत एक तुकडा, आणि रकाने असे: रुग्णाचा क्रमांक, ओळ क्रमांक, तुकडा, कोड, शेरा. टॅगेट हे मोफत सॉफ्टवेअरही चांगलं आहे. एनव्हिवो विकत घ्यावं लागतं, आणि छाननी शेवटी कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही.

थीम आणि मथळा यांत गल्लत होते. ‘साठवण’ हा नुसता मथळा. ‘फ्रिज शेजाऱ्यांचा, म्हणून डोसची वेळही शेजाऱ्यांची’ ही थीम, कारण तिच्यात काहीतरी म्हटलेलं आहे आणि ते खोटंही ठरू शकतं. प्रत्येक थीमविरुद्ध जाणारा रुग्ण मुद्दाम शोधा. उपासाला डोस न बदलणारी एखादी आजी सापडली तर तिला वगळू नका. तिच्या घरी काय वेगळं आहे ते पाहा, बहुतेक वेळा थीम त्यातूनच नेमकी होते.

विश्वास बसेल असं लिहिणं

‘बारापैकी ८ म्हणाले, म्हणजे ६६.७ टक्के’ असं लिहू नका. ही माणसं हेरून निवडलेली आहेत, त्यांची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. मुलाखतीतल्या म्हणण्याला फार्मसीच्या नोंदींचा ताळा द्या. बाटली दहा मिलीची, ४० युनिट प्रति मिली, म्हणजे ४०० युनिट. रोज ३० युनिट घेणाऱ्याला ती तेरा दिवस पुरते. दीड महिन्यात एकच बाटली नेली असेल आणि बाहेरूनही घेतली नसेल, तर तुम्ही ऐकलेल्या कहाणीला आधार मिळतो. नोंद आणि म्हणणं जुळलं नाही तर दोन्ही लिहा.

तुम्ही कोण, रुग्णाशी तुमचं नातं काय, मुलाखत कुठल्या भाषेत झाली हे अहवालात उघड सांगा. मुलाखती आणि गटचर्चांच्या अहवालासाठी ३२ मुद्द्यांची कोरेक यादी आहे, एकूण गुणात्मक संशोधनासाठी २१ मुद्द्यांची एसआरक्यूआर. यातली एक अर्ज लिहितानाच समोर ठेवा. शेवटी ठेवलीत तर कळतं की कितीतरी गोष्टी टिपायच्याच राहिल्या.

ओळख लपवताना गावाचं नाव काढलं म्हणजे झालं असं नाही. ‘साठीच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पेनवर’ एवढ्यावरून खानापुरात माणूस ओळखू येतो. कर्मचाऱ्यांचं तर त्याहून नाजूक. रात्रपाळीला आयसीयूत एकच फार्मासिस्ट असेल तर ‘आयसीयू फार्मासिस्ट म्हणाले’ लिहिणं म्हणजे नाव छापण्यासारखंच. चुकांबद्दलच्या अभ्यासात पद आणि विभाग दोन्ही मोघम करा, आणि तरीही ओळखू येत असेल तर ते वाक्य कितीही चांगलं असलं तरी गाळा.

हॉस्पिटलात परत नेणं

हॉस्पिटलातल्या औषधांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या फार्मसी अँड थेरप्युटिक्स कमिटीपुढे ऐंशी पानांचा थीसिस ठेवू नका. एक पान पुरे: तीन थीम, प्रत्येकीखाली रुग्णाचं एक वाक्य आणि एक ठोस सूचना. उदाहरणार्थ, डिस्चार्जच्या वेळी ‘उपास धरता का, कुठल्या वारी?’ हा प्रश्न समुपदेशनाच्या फॉर्मवर घालणं आणि त्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून लिहून घेणं. उपासाचा डोस फार्मासिस्टने परस्पर ठरवायचा नाही. नवा मजकूर कन्नड आणि मराठीत छापायला देण्याआधी पाच-सहा रुग्णांना किंवा त्यांच्या घरच्यांना मोठ्याने वाचायला लावा, आणि ‘आता सोमवारी काय कराल, सांगा बघू’ असं विचारा. जिथे ते अडखळतील तिथला शब्द बदला, मगच प्रेसमध्ये पाठवा.